साथ आली की वाडी कशी सांभाळायची: खबर, खोली, ताप आणि गाडी

साथीत गावाचं सगळ्यात जास्त नुकसान लपवलेल्या तापाने होतं. अंगात कणकण आली की माणसाला आजाराआधी शेजारी आठवतात. दुकानदार सामान देईल का, विहिरीवर बायका काय बोलतील, मुंबईहून आलेल्या पोरावर खापर फुटेल का. मग "पावसात भिजलाय, सर्दी आहे, उतरेल" म्हणत चार-पाच दिवस जातात आणि दम लागल्यावर भर रात्री गाडी शोधायची वेळ येते. या लेखातली प्रत्येक पायरी त्या चार-पाच दिवसांसाठी आहे. ताप पहिल्याच दिवशी बिनधास्त सांगता आला पाहिजे आणि सांगणाऱ्याला त्याच दिवशी मदत मिळाली पाहिजे.

कोकणात साथ एकटी येत नाही. कोविड ऐन भरात असताना ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि मंडणगड-दापोलीपर्यंत छपरं उडाली. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला लागून वर सरकलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. शहरासाठी छापलेली सूचनापत्रं इथे अर्धीच पुरतात. घरं उताराला विखुरलेली, मध्ये पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, रेंज वर सड्यावर, कातळाच्या माळावर, गेलं तर मिळणार आणि मोठं रुग्णालय तासा-दोन तासांवर. खाली लिहिलंय ते हे सगळं धरून.

एक गोष्ट आधी सांगतो. दिवसांचे आणि ऑक्सिजनचे आकडे कोविडचे आहेत. उद्याची साथ वेगळी असेल तर मुदती बदलतील आणि त्या आरोग्य खात्याच्या ताज्या आदेशातूनच घ्यायच्या. कोविडमध्येसुद्धा त्या बदलत गेल्या. घरी वेगळं राहण्याची मुदत सुरुवातीला जास्त होती, जानेवारी २०२२ मध्ये ती ७ दिवसांवर आली, तीही शेवटचे ३ दिवस ताप नसेल तर. जुना मेसेज पाहून आजचा निर्णय घेऊ नका.

पायरी १: खबरीचा एकच रस्ता ठरवा

आपल्याकडे रस्ता तयारच आहे: आशाताई आणि उपकेंद्र, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा. २०२० मध्ये सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशा आणि अंगणवाडी सेविका यांची ग्रामकृती दलं झाली होती. नव्या साथीत पहिल्याच आठवड्यात तशी बैठक लावा आणि प्रत्येक वाडीतून, कोंडातून, मोहल्ल्यातून, कोळीवाड्यातून एकेक माणूस त्यात घ्या. तरुण हवा, पायाला जोर हवा आणि मुख्य म्हणजे तोंडाला कुलूप हवं. कुणाला काय झालंय हे चारचौघांत बोलणारा माणूस कितीही कामाचा असला तरी या कामाला घेऊ नका.

या माणसांनी रोज ठरलेल्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राकडून निरोप घ्यायचा. संध्याकाळची वेळ बरी, तोवर जिल्ह्याचं दिवसाचं पत्रक आलेलं असतं. निरोप रेशन दुकान, दूध डेअरी आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहायचा, तारखेसकट. कालचा पुसायचा. ज्या घरात स्मार्टफोन नाही किंवा खाली व्हाळाकडे, ओढ्याकडे, रेंजच नाही, तिथे कुणी जायचं हे नावानिशी ठरवा. रिक्षावर भोंगा लावून फिरवणं चांगलं, पण रिक्षा रस्त्यालाच थांबते. पाखाडी उतरून गेल्याशिवाय खालच्या घरांना काही कळत नाही.

मोबाइलवर आलेला 'आदेश' खरा का, हे पाहायला तीन गोष्टी पुरतात: कार्यालयाचं नाव आणि जावक क्रमांक, तारीख, अधिकाऱ्याची सही व हुद्दा. यातलं एकही नसेल तर पुढे पाठवू नका, आरोग्य केंद्रात फोन करून विचारा. अमुक काढा घेतला की साथ होत नाही, लस घेतली की अमुक होतं, असल्या मेसेजवर ग्रुपमध्ये वाद घालत बसू नका. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचं त्या विषयावरचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करून टाका. ओळखीचा आवाज लोक ऐकतात.

पत्रकातले आकडे वाचताना 'एकूण बाधित' पाहून घाबरायला नको. तो आकडा साथ सुरू झाल्यापासूनचा असतो, त्यामुळे वाढतच जातो. पाहायचं ते उपचाराखालचे रुग्ण किती आणि तपासण्या किती झाल्या. शंभर तपासण्यांत किती बाधित निघाले, तो टक्का महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये हा टक्का सलग दोन आठवडे ५ च्या खाली असणं हे साथ आटोक्यात असल्याचं लक्षण मानलं. जून २०२१ मध्ये राज्याने जिल्ह्यांचे ५ स्तर केले तेही याच टक्क्यावर आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्यात त्यावर. तालुक्यात रुग्ण कमी दिसतायत पण तपासण्याही निम्म्यावर आल्यात, तर साथ कमी झाली असं समजू नका.

पायरी २: वाडीची वही

साधी दोनशे पानी वही घ्या. घरागणिक एक पान. त्यात साठीपुढची माणसं, मधुमेह, रक्तदाब, दमा, किडनीचे आजार, टीबीच्या गोळ्या चालू असलेले, गरोदर बाई असेल तर प्रसूतीची तारीख, एकटं राहणारं म्हातारं माणूस आणि त्याच्या मुंबईतल्या मुलाचा नंबर. आशाताईंकडे यातलं बरंचसं आधीच असतं, पण ते अनेक नोंदवह्यांत विखुरलेलं असतं. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा आणि आपल्या वाड्या मैलामैलावर. तिला वही भरायला वाडीतल्या पोरांनी हात द्यायला हवा. तिचं मानधन किती आणि काम किती, हे ज्यांनी जवळून पाहिलंय ते तिला नुसती ऑर्डर सोडणार नाहीत.

वहीच्या शेवटच्या पानावर कुणाकडे गाडी आहे, रात्री कोण चालवू शकतं आणि कुणाच्या पडवीत गाडीची चावी टांगलेली असते, हे लिहा. वही आशाताईंकडे राहील. तिचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत.

बीपी आणि शुगरच्या महिनाभर पुरतील एवढ्या गोळ्या या यादीवरून आधीच भरून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या मिळतात. साथीत विंचू चावायचा थांबत नाही, सापही थांबत नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. ती गोळी वेळेत पोटात जायला आरोग्य केंद्राचं दार साथीतही उघडं असावं लागतं. तापाचे रुग्ण एका बाजूने आणि बाकीचे दुसऱ्या बाजूने, अशी सोय तिथे आहे का, हे दलाने जाऊन पाहून यावं.

पायरी ३: चाकरमानी येणार, त्याची तयारी

शिमगा, मे महिना आणि गणपती. या तीन वेळा गाव दुप्पट होतं आणि ते कुणी थांबवू नये, थांबवून थांबतही नाही. घर त्यांचं आहे. २०२० मध्ये गावच्या वेशीवर अडवाअडवी झाली तेव्हा माणसं रात्रीची, आडवाटेने आली, आणि आलेलं कुणाला कळलंच नाही. वेशीवर हुज्जत घालण्यापेक्षा आधी फोन केलेला बरा:

"दादा, कधी निघतोयस ते दोन दिवस आधी कळव. वरची खोली झाडून ठेवतो, पाणी भरून ठेवतो. आल्यावर सांगितलेले दिवस तेवढे वरच राहा, आई ओटीवरून बोलेल तुझ्याशी. ताप असला तर निघूच नकोस, आणि वाटेत आला तर लपवू नको, आशाताईंना मीच सांगतो."

असं बोललं की माणूस कळवतो. किती दिवस वेगळं राहायचं ते आदेशात असेल. कोविडमध्ये १४ दिवस होते, २०२० च्या गणपतीसाठी ते १० वर आणले गेले. घरात वेगळी खोली नसेल तरच शाळा. आणि शाळा द्यायची तर माणसाने राहावं अशी द्या. खाटा किंवा निदान बाकं जोडून उंचावर झोपायची सोय, मच्छरदाणी, रात्रभर जळणारा दिवा, स्वच्छ संडास आणि भरलेली टाकी. पावसात शाळेच्या व्हरांड्यात जनावर, म्हणजे साप, येतं, म्हणून जमिनीवर गाद्या टाकू नका आणि प्रत्येकाला बॅटरी द्या. डबा कुणी आणायचा त्याची पाळी लावा. तिथे गैरसोय झाल्याची एक गोष्ट मुंबईला पोचली की पुढची दहा माणसं न कळवता येतात.

पायरी ४: घरातली खोली

रुग्णाला बाहेरून स्वतंत्र दार असलेली पडवी किंवा माडीवरची खोली सगळ्यात चांगली. बागेत पक्का मांगर (राखणीची खोपी) असेल, संडास आणि फोनची रेंज तिथे असेल, तर तोही चालतो. पण एकट्या म्हाताऱ्या माणसाला मांगरात ठेवू नका, रात्री हाक मारली तर ऐकायला कुणी हवं.

हवा खेळती राहणं ही मुख्य गोष्ट. जुन्या कौलारू घरात ती आपोआप खेळते. नव्या स्लॅबच्या घरात पावसाळ्यात खिडक्या घट्ट लावून घेतात, तिथे आजार घरभर होतो. झड आत येत नाही त्या बाजूची एक खिडकी आणि तिच्या समोरचं काहीतरी, दार किंवा झरोका, उघडं ठेवा. पंखा लावायचा तर हवा खिडकीतून बाहेर जाईल असा. माजघराकडचं दार बंद. चुलीचा धूर ज्या खोलीत येतो तिथे खोकणाऱ्या माणसाला झोपवायचं नाही, न्हाणीची चूल पेटवतानाही पाहा धूर कुठे जातोय.

घरातलं एकच माणूस सेवेला ठेवा. तरुण, मधुमेह नसलेलं, लस घेतलेलं. आत जाताना त्याला एन ९५ मास्क, रुग्णाला तीन पदरी. ओला झालेला मास्क काम करत नाही आणि पावसात तो दोन तासांत ओला होतो, म्हणून जास्तीचे ठेवा. ताट-वाटी वेगळी, धुवायला साबण पुरतो. हात २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. संडास एकच असेल तर रुग्णाने शेवटी वापरायचा, नंतर ब्लीचिंगचं पाणी टाकायचं: एक लिटर पाण्यात तीन चहाचे चमचे ताजी पावडर. हे पाणी माणसावर कधीही फवारायचं नाही. डोळे आणि फुप्फुसं दोन्हीला त्याने इजा होते.

खाण्याचं फार अवघड नाही. उकड्या तांदळाची पेज, मेतकूट, कुळथाची पिठी, मऊ भात, नाचणीची आंबील. पाणी भरपूर. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. शहाळं चांगलं, पण किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तुळस-आल्याचा काढा घशाला बरा वाटतो, घ्यावा, पण काढ्याच्या भरवशावर पुढची पायरी चुकवू नये.

पायरी ५: रोजची मोजणी

सकाळ, दुपार, रात्र: ताप, ऑक्सिजन, नाडी आणि दम लागतोय का. कागद खोलीच्या दाराला बाहेरून चिकटवा, रुग्ण आतून सांगेल, बाहेरचा लिहील.

ऑक्सिमीटरवर दोन आकडे येतात. एक ऑक्सिजनचा, त्याच्याजवळ टक्क्याचं चिन्ह असतं, आणि दुसरा नाडीचा. घाईत हे दोन उलटे वाचले जातात. नाडी ९७ आणि ऑक्सिजन ८८ असताना "सत्त्याण्णव आहे, छान आहे" म्हणून माणूस घरी राहतो. वाडीतल्या प्रत्येक सेवेकऱ्याला हे आशाताईंसमोर एकदा करून दाखवायला लावा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. नखाला पॉलिश नको, मेंदी असेल तर दुसरं बोट. पावसात गारठलेले किंवा जाळं ओढून रापलेले हात चोळून गरम करायचे, मधलं बोट घालायचं, हात छातीशी स्थिर धरायचा. पहिला आकडा घ्यायचा नाही, मिनिटभराने आकडा थांबतो तो लिहायचा.

९५ आणि वर असेल तर घरीच, मोजणी चालू. ९४ किंवा खाली आला की त्याच वेळी डॉक्टरांना फोन. ९० किंवा खाली म्हणजे बाकी काही न विचारता गाडी. दम्याचा जुना त्रास असलेल्यांचा नेहमीचा आकडा कमी असू शकतो, तो डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

आकडा चांगला आहे पण माणूस थकलाय, तर सहा मिनिटं चालायची चाचणी. ओटीवर किंवा सपाट खळ्यात, पाखाडीवर नाही, साध्या चालीने. साठीपुढे तीन मिनिटं पुरे. चालण्याआधीपेक्षा आकडा ३ ने किंवा जास्त खाली आला, किंवा ९३ च्या खाली गेला, किंवा दम लागला, तर तपासणीला न्यायचंच. बसल्या जागी ज्यांना दम लागतोय त्यांच्यावर ही चाचणी करू नये.

तापाला पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून. रोज दारू घेणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असलेल्याने आधी विचारावं. अंगदुखीच्या इतर गोळ्या, इंजेक्शनं नकोत, कारण पावसाळ्यात तोच ताप डेंग्यूचा किंवा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) निघाला तर त्या रक्तस्रावाला आणि किडनीला भारी पडतात. शेजारच्याला 'लागू पडलेली' स्टेरॉइडची गोळी तर अजिबात नको. स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला होतो. साध्या तापात, त्यातही मधुमेह असताना, ती घेतली की साखर भडकते. २०२१ मधल्या काळ्या बुरशीच्या आजारामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड ही दोन मोठी कारणं होती. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, डॉक्टरांनी लिहिली तरच.

पायरी ६: हा ताप साथीचाच कशावरून?

जून ते ऑक्टोबर हा प्रश्न रोज पडतो. घरी बसून याचं उत्तर देता येत नाही, रक्त तपासावं लागतं. पण डॉक्टरांना काय सांगायचं ते आपल्याला ठाऊक हवं. लावणीला चिखलात अनवाणी उतरला होता, पुराच्या पाण्यात सामान काढत होता, गोठा साफ केला, पायाला जखम होती, आणि त्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी ताप आला: हे सगळं सांगा. त्यात डोकं ठणकणं, पोटऱ्या दाबल्या तरी दुखणं, डोळे लाल, लघवी कमी, डोळ्यांत पिवळेपणा असलं तर लेप्टो मनात धरून त्याच दिवशी जायचं. लेप्टोवर साधं, स्वस्त औषध आहे, ते पहिल्या दिवसांत मिळालं पाहिजे. पुरात काम करणाऱ्यांना आरोग्य कर्मचारी प्रतिबंधक डॉक्सीसायक्लिन देतात ती घ्या, स्वतःच्या मनाने आणून खाऊ नका.

हुडहुडी भरून ताप येत असेल तर मलेरियाचा रक्तनमुना. डोळ्यांमागे दुखणं, अंगावर पुरळ, हिरड्यांतून रक्त, ताप उतरताना पोट जोरात दुखणं, ही डेंग्यूची खूण. आणि दोडामार्ग-बांदा पट्ट्यात, जिथे २०१६ पासून माकडताप दिसू लागला, तिथे काजू वेचायच्या दिवसांतला ताप असेल तर जंगलात गेलो होतो, गोचीड चावली होती, हे न विचारता सांगा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वन किंवा आरोग्य खात्याला कळवा.

पायरी ७: विहिरीचं पाणी

माणसं तापाने पडलेली असताना जुलाबाची साथ आली तर आरोग्य केंद्र कोलमडतं. म्हणून जलसुरक्षकाच्या बरोबरीने वाडीनेही हे शिकून ठेवावं. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याला पुन्हा व्यासानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने, मग ७८५ ने. उत्तर लिटरमध्ये येतं. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे इथे साधारण ७० ग्रॅम. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, बादली पाऊण भरायची, ढवळून दहा मिनिटं ठेवायची. खाली चुना बसतो तो टाकून द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडून हिसळायची. संध्याकाळी उपसा संपल्यावर हे केलं की सकाळी पाणी तयार. ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहायच्या चाचणीला, पिवळा रंग आला पाहिजे.

कोकणच्या दमट हवेत उघड्या पोत्यातल्या पावडरीचा जोर जातो. पोतं कोरड्या जागी, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवा. गाळ मिसळलेल्या पुराच्या पाण्याला एवढा डोस पुरत नाही, तेव्हा आरोग्य सहायकाला बोलवा आणि तोवर पाणी खळखळून उकळा.

पायरी ८: गाडी

१०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, फुकट, चोवीस तास. गरोदर बाईसाठी १०२, नुसता सल्ला हवा असेल तर १०४. फोन सड्यावर जाऊन करावा लागत असेल तर तिथपर्यंत धावणारा माणूस ठरलेला असावा आणि त्याच्या खिशात कागद: रुग्णाचं वय, ऑक्सिजन, जुने आजार, आणि पत्ता. 'गुरववाडी' एवढ्याने कुणालाही पत्ता कळत नाही, तालुक्यात दहा गुरववाड्या असतात. गाव, तालुका, मुख्य रस्त्यावरची ठळक खूण, तिथून डावं की उजवं. एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा राहील.

पाखाडीवरून वर आणायचं तर हातांची खुर्ची करून दमलेल्या माणसाला आणू नका. मजबूत खुर्चीला दोन बांबू बांधा, माणूस बसवा, छातीला पट्टा. तो बसलेला राहिला की श्वास सोपा जातो. चार जण उचलायला आणि एक पुढे उजेड धरायला. सगळ्यांना मास्क. हे उन्हाळ्यात एकदा वाळूचं पोतं ठेवून करून पाहा, कुठल्या वळणावर अडतं ते तेव्हाच कळतं.

खासगी गाडी असेल तर एसी बंद, काचा खाली, रुग्ण मागे. निघण्याआधी रुग्णालयात खाट आणि ऑक्सिजन आहे का, हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकरवी विचारून घ्या, नाहीतर ऑक्सिजनवरचा माणूस घाटात एका दारातून दुसऱ्या दारात फिरतो. बरोबर छोटा बी टाइप सिलेंडर असेल तर त्यात साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटर लावला तर पाच तास, १० लावला तर अडीच. भरलेला आहे का ते मीटरवर पाहूनच निघायचं. सिलेंडर असलेल्या गाडीत विडी-सिगारेट नाही.

गाडी येईपर्यंत ऑक्सिजन कमी असलेल्या रुग्णाला पालथं झोपवता येतं, छातीखाली आणि पायाखाली उशी देऊन. गरोदर बाई, हृदयाचा मोठा आजार असलेला, नुकताच जेवलेला माणूस, यांना नको.

ओठ निळसर, बोलताना वाक्य तुटणं, छातीत दुखणं, असंबद्ध बोलणं, झोपेतून नीट जाग न येणं. यातलं एकही दिसलं तर आकड्याची वाट पाहू नका.

वादळाची सूचना आली तर

हवामान खात्याचा इशारा आला की घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या माणसाला त्याच दिवशी जनरेटर असलेल्या रुग्णालयात हलवा. वीज गेली की ते यंत्र बंद, आणि निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत वीज यायला दिवसच्या दिवस लागले. नववा महिना लागलेल्या बायकांनाही आधीच तालुक्याला न्या. निवाऱ्याच्या शाळेत एक वर्ग तापवाल्यांसाठी बाजूला ठेवा, ऑक्सिमीटरचे जादा सेल आणि औषधांची पिशवी प्लॅस्टिकमध्ये.

लिलाव, पालखी, पंगती

हर्णैसारख्या बंदरावर मासळीचा लिलाव उघड्या हवेत होतो ही जमेची बाजू, पण बोली लावताना माणसं टोपलीवर एकमेकांना चिकटून वाकतात आणि ओरडतात. दोन टोपल्यांत अंतर ठेवलं, बोलीला मोजकी माणसं पुढे ठेवली की धंदाही होतो. शिमग्याची पालखी कशी न्यायची, घरोघर की सहाणेवरच (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर), हे मानकऱ्यांना बोलावून त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. त्यांनी सांगितलेलं गाव ऐकतं. बंद खोलीतल्या पंगती मात्र साथ भरात असताना टाळाच.

लस

कोविडची लस १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, मार्चपासून साठीपुढच्यांना, मेपासून अठरा वर्षांवरच्यांना. गावात तेव्हा मोठी अडचण नोंदणीची होती. नव्या लसीच्या वेळी वाडीच्या वहीवरूनच यादी करा आणि पहिल्या दिवशी चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी गाडी लावा. दुसऱ्या डोसची तारीख वहीत लाल शाईने.

गावात कुणी गेलं तर

त्या घराला एकटं सोडू नका. केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांतही चेहऱ्याकडची पिशवी उघडून घरच्यांना अखेरचं दर्शन घेऊ देण्याची मुभा होती, देहाला हात न लावता करायचे विधी करता येत होते. दहन असो वा दफन, स्मशानात विरोध करण्याला वैद्यकीय आधार नाही, आणि हे सरपंच, पोलीस पाटील आणि डॉक्टरांनी आधीच, कुणी जाण्याच्या अगोदर, गावाला सांगून ठेवायला हवं. चार माणसं कोण जातील, लाकडं कुणाकडची, हेही ठरलेलं असू द्या. घरच्यांच्या हातात दोन दिवसांचं जेवण द्या.

साथ ओसरल्यावर

ऑक्सिमीटरमधले सेल काढून ठेवा, नाहीतर गळून यंत्र जातं. उरलेल्या औषधांच्या तारखा पाहून आशाताईंकडे परत करा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. तो कशावर गेला ते ग्रामसभेत मांडा आणि पुढच्या वर्षी त्यातून थर्मामीटर, मास्क, टीसीएल, चांगल्या बॅटऱ्या घ्या.

बऱ्या झालेल्या माणसांकडे पुढचे तीन महिने लक्ष हवं. ज्यांना स्टेरॉइड दिलं होतं त्यांची साखर तपासून घ्या. गाल सुजला, नाकातून काळपट स्राव आला, एका डोळ्याने धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी रुग्णालय. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर "साथीचाच राहिलाय" म्हणून सोडून देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात टीबीसाठी थुंकीची तपासणी फुकट होते, सकाळची पहिली थुंकी डबीत घेऊन जायची.